पडद्यापलीकडची खाट

रात्रीचं असतं तर मी भास म्हणून सोडून दिलं असतं. पण ही भर दुपारची गोष्ट. अंगणात बांबूंवर शेवया वाळत होत्या, समुद्राकडून वारा येत होता, आणि मी माझ्या धाकट्या जावेला, आ-तानला, सुया लावून घ्यायला लियाव वैद्यांकडे घेऊन निघाले होते. दोन गल्ल्या पलीकडे. पण तिच्या डाव्या खुब्यानं त्या दोन गल्ल्यांचे दोन डोंगर केले होते. चार पावलं टाकायची आणि भिंतीला धरून उभी राहायची.

बसा अशा जवळ, सगळं सांगते.

आमच्या लुकांग गावात शेवया करणारी घरं पुष्कळ. पीठ ओढून ओढून दोऱ्याएवढं बारीक करायचं आणि ऊन असेतो वाळवायचं. ऊन हाच आमचा मालक. सासूबाईंनी जन्मभर उभ्यानं शेवया ओढल्या, आणि शेवटी त्यांचा डावा खुबा गेला. रात्र रात्र कण्हायच्या. सकाळी दोन्ही मुलगे, म्हणजे आमचे हे आणि धाकटे वेन-छिंग भावजी, हसायचे. "आई, तुझं दुखणं बरं गं हुशार! बरोबर ऊन आलं की येतं!" बिचारी म्हणायची, मला लियावकडे न्या, एकदा सुया लावून बघू द्या. "तासभर पडून राहायचं म्हणजे ऊन गेलं की!" हे उत्तर ठरलेलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. सुई काही अंगाला लागली नाही. तेरावं-वर्षश्राद्ध मात्र थाटात झालं, परलोकी राहायला म्हणून कागदाचा बंगलासुद्धा जाळला त्यांच्यासाठी. मेल्यावर बंगला!

आणि आता आ-तान. तिनं पहिल्यांदा बोट ठेवून जागा दाखवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अगदी तीच जागा. सासूबाईंचा खुबा रोज तेलानं चोळणारी हीच तर पोर होती.

चांगहुआ शहरातल्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, गोळ्या घ्या, आणि बरं वाटत असेल तर सुयाही लावून घ्या, दोन्ही बरोबर चालतं. पण भावजींनी फक्त फोटोचं ऐकलं. "फोटोत नाही म्हणजे नाहीच! महिनाअखेर कामाला उभी राहिली नाही तर माहेरी सोडून येतो. पोरगी मात्र इथंच राहील." तीन वर्षांची ती पोर आईच्या पदराला धरून ऐकत होती.

मी भांडखोर बाई नाही. अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार पाळते, रोज क्वानयिन मातेपुढे उदबत्ती लावते. आ-तान उभी राहिली तर वर्षभर मांसमासळी सोडीन, असं बोलले होते मातेला. देवळात लाकडी ठोकळ्यांची जोडी टाकून कौल लावला, तर दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. त्याला आम्ही देवी हसली म्हणतो. होही नाही आणि नाहीही नाही. माते, एका लेकराची आई तोडतायत, आणि तुला हसू येतं? जन्मात पहिल्यांदा मी देवीवर रागावून घरी आले.

तर ती दुपार. लियाव वैद्यांची खोली लांबट, अंधारी. दोन खाटा, मधे निळा पडदा. दवण्यासारखा एक पाला ते जाळतात, त्याचा उग्र-गोड धूर भिंतींत मुरलेला. म्हातारे आहेत, ऐकायला कमी येतं, पण बोटांना सगळं कळतं.

"उजवा पाय दे," ते म्हणाले.

"वैद्यबुवा, दुखतो तो हा डावा," आ-तान म्हणाली.

"माहितीये गं! पूर आला की पलीकडचा बांध फोडतात. बुडत्या घरात खणत बसतो का कुणी?" त्यांनी केसाएवढी सुई उजव्या पायात बसवली, बोटांत हलकेच फिरवली. "जड वाटलं, मुंग्या आल्या की सांगायचं. आलं का?"

"नाही."

पुन्हा फिरवली. "आता? आलं का?"

"आलं..."

"बघ! मला बोटांना कळलंच. मासा गळाला लागावा तसं ओढलं."

आ-तान माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते. "ताई," ती कुजबुजली, "मी नाही बोलले."

मी पडदा सारला. पलीकडची खाट रिकामी. धुतलेली चादर, गवताची उशी, बाकी काही नाही. पण त्या कोपऱ्यात धुराच्या वासाखाली आणखी एक वास होता. ओल्या पिठाचा, आणि चोळायच्या तेलाचा.

"पडदा लाव गं, वारा लागेल," वैद्यबुवा म्हणाले आणि दुसरी सुई लावली. "आलं का?"

"आलं... आलं बाई..." जिभेनं चक् करून बोलायची ती लकब. घरात वर्षानुवर्षं ऐकलेली. मी खाटेची कड घट्ट धरली. मग पडद्यापलीकडून, अगदी दमलेल्या आवाजात,

"ऊन आहे का गं अजून?"

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण तो प्रश्न ऐकला आणि भीतीच्या खालून काहीतरी तापत वर आलं. मेल्यावरही बाईला उन्हाचीच चिंता! मरणानंतर मिळालेल्या सुईखालीसुद्धा तिला तासभर निवांत पडता येऊ नये?

खिडकीत ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "ऊन गेलं, सासूबाई. पडून राहा."

पलीकडे कुणीतरी लांब श्वास सोडला. खाट करकरली.

सुया काढल्यावर आ-तान उठली आणि सरळ चालू लागली. दारापर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत. वाटेत हसली सुद्धा. घराचा उंबरा आला, समोर भावजी पिठाचे हात घेऊन उभे. "झालं नाटक?" म्हणाले. ती तिथंच खाली बसली, खुबा धरून.

मी उलट पावली वैद्यांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कान पुढे करून ऐकलं, हसले नाहीत.

"तुझी सासू या दारात कधी आली नाही. मी वाट बघायचो," ते म्हणाले. "इकडची सुई तिकडचं दुखणं ओढते बाई. ओढलं मी. पण तिकडं घ्यायला कुणी नको? रिकाम्या खाटेवर दुखणं ठेवता येत नाही. ते पुन्हा जिनं माया केली तिच्याचकडे येणार."

"मग ज्यांनी केली नाही, त्यांच्याकडे का नाही जात?"

"त्यांना हाक मारायची सवय नसेल राहिली तिला," वैद्यबुवा म्हणाले.

रात्रभर मी त्या वाक्यावर जळत राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन पहिल्या दिवसाहून कडक. भावजी बांबू लावत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भावजी, चला. आ-तानला धरायला माणूस हवा."

"आत्ता? वहिनी, ऊन बघा की!"

"ऊन राहू दे!" माझा आवाज एवढा चढला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "शेवया सुकू देत नाहीतर सडू देत! आईला दोन गल्ल्या नेलं नाहीत. बायकोला न्या. नाहीतर हा बांबू मी आत्ता आडवा करते!"

ते इतके चकित झाले की मुकाट निघाले. वाटेत कुरकुरले, "सगळ्या बायका एकदम पेटल्यात आज."

खोलीत गेल्यावर मी म्हटलं, "उन्हातून आलात. त्या खाटेवर पडा जरा." भावजी आडवे झाले. मी पडदा ओढला.

वैद्यबुवांनी आ-तानच्या उजव्या पायात सुई लावली. फिरवली. "आलं का?"

धूर छताशी गोळा होत होता.

"आलं का?"

"वहिनी..." पलीकडून भावजींचा आवाज आला, बारीक. "इथं... कुणी आहे का?"

"का हो?"

"कुणीतरी म्हणतंय... जरा सरक."

मी डोळे मिटले. "मग सरका," मी म्हटलं. "आईच आहे तुमची. जागा द्या तिला."

त्यानंतर जो आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता. कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडावा तसा. बराच वेळ चालला. वैद्यबुवांना तो ऐकू आला की नाही कोण जाणे. ते शांतपणे सुई फिरवत राहिले.

आ-तान त्या दिवशी चालत घरी आली आणि उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेली. लेकीला कडेवर घेतलं. आता दोन महिने झाले, ती शेवया ओढते, पळते, देवळाच्या पायऱ्या चढते. माहेरची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी माझा नवस पाळतेय.

भावजी मात्र भिंतीला धरून चालतात. डावा खुबा. चांगहुआला फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. परवा अंगणात विव्हळत होते तेव्हा आमचे हे हसले. "तू पण सुरू झालास का? बरोबर ऊन आलं की येतं, नाही?"

भावजींनी वर पाहिलं, आणि भावाकडे न बघता त्याच्या मागे कुठंतरी बघत राहिले.

आज संध्याकाळी मी रताळ्याची पेज वाढली. हे टेबलाशी उभ्यानंच वाडगा घेऊन खात होते. समोरचं स्टूल मागे ओढलेलं, वडीलधाऱ्याला बसायला द्यावं तसं. मला आठवलं, कालही हे उभ्यानंच जेवले होते.

"बसा की," मी म्हटलं. हे हलले नाहीत. मी त्या स्टुलावर बसायला गेले.

"तिथं नको," हे हळूच म्हणाले. कपाळावर घाम होता.

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी दुसरं स्टूल ओढलं, बसले आणि जेवायला लागले. टेबलाखाली माझ्या पावलाला एक गार, पिठानं खरखरीत झालेलं पाऊल लागलं.

मी माझा पाय काढून घेतला नाही.