उलटी डहाळी

भाद्रपद सरत आला होता, तरी हस्ताचा पाऊस सह्याद्रीची पाठ सोडायला तयार नव्हता. करवंदखिंडीच्या उजव्या अंगाचा कडा उगवतीच्या तांबूस उजेडात क्षणभर झळके आणि पुढच्याच क्षणी दरीतून चढणारे धुके त्याला गिळून टाकी. अशा त्या पहाटे खिंडीखालच्या कपारीतून सात माणसे बाहेर पडली. त्यांतल्या सहा गड्यांनी आधी आपापल्या पाठीवरचे बुधले चाचपून पाहिले. कातड्याच्या त्या बारा बुधल्यांत तूप नव्हते की मध नव्हता; त्यांत तोफेची दारू होती, तोंडांना मेण लावून, घोंगड्यांत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी जपलेली.

वेखंडगडाला गनिमाचा वेढा पडून तीन महिने लोटले होते. पावसाने दारूकोठाराचे छत गळले, होती नव्हती ती दारू भिजली आणि तोफा नुसत्या मुक्या पडल्या. किल्लेदारांचा सांगावा आला, "घटस्थापनेपर्यंत तग धरू. पुढे भवानीची मर्जी." दारू पोचविण्याचा विडा उचलला जुमलेदार निंबाजी घारे यांनी. आज वाटेचा तिसरा दिवस होता, उद्या घटस्थापना. आणि गनिमाचे साठ प्यादे परवापासून मागावर होते. दर खिंडीत दोन-दोन वाटा फुटत, पाऊस पाऊलखुणा धुऊन नेई, तरी गनीम नेमकी यांचीच वाट धरी. हे कसे, या विचाराने निंबाजीला रात्रभर डोळा लागला नव्हता.

वाट दाखवायला ठमाई होती. जातीची महादेव कोळीण, पन्नाशी उलटलेली, जिभेला हाड नसलेली. ती तरातरा जवळ आली.

"जुमलेदार, राग मानू नगा, पन तुमच्या मान्सांत कुनी तरी देवाची थट्टा करतंया."

"ती कशी, ठमाई?"

"डहाळी उलटी वाहतंय कुनी तरी. परवा वाटलं, वाऱ्यानं फिरली आसंल. काल बी तसंच! वारा काय रोज एकच डहाळी धरून बसतोय व्हय?"

खिंडीखिंडीत शेंदूर फासलेला एक धोंडा असे. त्याला पानदेव म्हणत. खिंड ओलांडणाऱ्याने त्याला एक हिरवी डहाळी वाहायची, देठ देवाकडे आणि शेंडा आल्या वाटेकडे. शेंड्यावरून देव माणसाचे घर ओळखतो आणि त्याला सुखरूप माघारी आणतो, अशी घाटातली श्रद्धा. निंबाजीला हसू आले, पण ते ओठांवरच विरले.

"त्या उलट्या डहाळीचा शेंडा कुठे होता?"

"कुटं म्हंजी? आपन उतरलो त्या अंगाला."

निंबाजीने एकेका गड्याकडे निरखून पाहिले.

करवंदखिंडीत सगळ्यांनी डहाळ्या वाहिल्या. निंबाजी पट्टा आवळण्याच्या मिषाने मागे रेंगाळला. सर्वांत शेवटी वाकला साबाजी वाघोले, निंबाजीच्या थोरल्या बहिणीचा, गोदाक्काचा, नवरा. त्याने डहाळी ठेवली, मागे पाहिले आणि अलगद फिरविली. शेंडा डावीकडे वळला, गडाकडे जाणाऱ्या डोंगरसोंडेच्या वाटेकडे.

"दाजी, देवाला घर दाखवायचे सोडून आपण कोणाला वाट दाखविता?"

साबाजी दचकला, पण खोटे बोलला नाही. "निंबाजीराव, श्रावणात आमचे गाव लुटले, तेव्हापासून मातोश्री गनिमाच्या गोटात आहेत. दारू हाती द्या, म्हातारी सोडतो, असा त्यांचा निरोप आला. कोणत्या तोंडाने सांगणार होतो आपल्याला?"

"गडावर चारशे माणसे आहेत, दाजी. त्यांना आया नाहीत?"

साबाजीने गुडघे टेकले. "उडवा मान. गोदूला मात्र सांगा, पाय घसरला म्हणून."

निंबाजीने तलवार उपसली खरी. पण समोरची मान त्याला दिसेना, दिसू लागले ते गोदाक्काचे कुंकू. मारावे तर बहीण विधवा, सोडावे तर गड बुडाला. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात ठमाईने आभाळाकडे पाहून कपाळावर हात मारला.

"हस्ताच्या हत्तीनं सोंड उचलली बगा! दुपारच्या आत घोरपडनाळंत पानी मावायचं न्हाई. सोंडेनं चला झटक्यानं!"

घोरपडनाळ म्हणजे खिंडीच्या उजवीकडे कोसळणारी अरुंद घळ. साबाजीने मान वर केली. "डहाळी नाळेकडे फिरवितो. पण नुसत्या डहाळीवर विसंबून ते त्या घळीत पाय घालायचे नाहीत. मी आत उभा राहून हाक दिली, तर येतील."

"आणि आपण त्यांना खरी वाट सांगितली तर?"

"तर काय करायचे, ते मीही सांगू शकत नाही. आमच्या शब्दाला आज मोल ते काय उरले?"

शहाण्या माणसाने तिथेच मान उडविली असती, आणि त्याला कोणी बोल लावला नसता. निंबाजीने तलवार म्यान केली. साबाजीच्या पाठीवरचे दोन्ही बुधले सोडविले आणि आपल्या दोन बुधल्यांवर बांधून घेतले.

"उठा, दाजी. हे ओझे आता आमचे."

साबाजीने डहाळी फिरविली आणि मागे वळून न पाहता तो नाळेत उतरला.

सोंडेवर वाऱ्याने माणूस उभा राहत नव्हता. दोन प्रहरांच्या सुमाराला धुक्यातून हाक आली, "या! इकडून या!" आवाज साबाजीचा होता. पण इकडून म्हणजे कोठून? धुक्यात दिशा कळेना. पुढची घटकाभर निंबाजी कान मागे ठेवूनच चालला. मग आभाळ फाटले. गड्यांनी अंगावरची वस्त्रे काढून बुधल्यांवर घातली आणि उघड्या पाठींवर गारांचा मार सोसला. एवढ्यात खालून घरघर उठली. कड्याएवढे धोंडे लोळवीत नाळेचे पाणी सुटले होते. त्यानंतर मागे कोणीही आले नाही. निंबाजी पावसातच रडला, आणि ते पावसामुळे कोणाला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी गडावर घट बसले आणि चोरदिंडीतून आत आलेल्या कोरड्या दारूने तोफा बोलू लागल्या. पाचव्या माळेला वेढा उठला. साबाजीचा देह कोळ्यांना नाळेच्या तोंडाशी मिळाला. निंबाजीने त्याला अग्नी दिला. गनिमाने घाईत टाकून दिलेल्या गोटात एक म्हातारी जिवंत सापडली. "माझा साबा कुटं हाय?" हाच तिचा पहिला प्रश्न. रणात न डगमगणारा निंबाजी तिथे कचरला. "पुढे गेलेत," एवढेच तो म्हणाला.

परतताना करवंदखिंडीत लख्ख ऊन होते. पानदेवापुढे, कड्याच्या आडोशाला, सात डहाळ्या सुकून पडल्या होत्या. एकीचा शेंडा नाळेकडे होता. म्हातारीने आपली डहाळी वाहिली, त्या एकीकडे पाहिले आणि तोंडाने चकचक केले.

"कुना येड्यानं वाहिली गं बाई ही? आशानं त्याचा देव त्याला घरी आनंल का?"

ती कष्टाने खाली बसली आणि तिने ती डहाळी सरळ केली, शेंडा गावाकडे. ठमाईने पदर तोंडाला लावला. निंबाजी पुढे झाला, म्हातारीच्या पायांशी बसला आणि त्याने बोलायला तोंड उघडले.