सात निळ्या चकत्या

गुरुवारी सकाळी चौदा नंबरच्या झाडानंही पानं टाकली, आणि मीटरबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आठपासून चौदापर्यंत ओळीनं सात झाडं वाळली होती. अलीकडची सात हिरवीगार, पलीकडची सातही हिरवीगार. रोग काही असा नंबर बघून येत नाही.

ही एकवीस झाडं गल्लीतल्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी हातानं खड्डे खणून लावली होती. शनिवारी वृक्ष अधिकारी तपासणीला येणार होता. एक तृतीयांश झाडं मेलेली निघाली, तर रांगेचं संरक्षण रद्द आणि सगळी जागा मोटारी लावायला मोकळी. एकवीसचा एक तृतीयांश म्हणजे सात. ज्यानं हे केलं त्याचं गणित पक्कं होतं.

"अ‍ॅसिड घातलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "शिंप्याचंच काम. नऊ नंबरच्या फांदीमागे त्याच्या दुकानाची पाटी झाकते. एकदा मोडलीच होती त्यानं फांदी."

"घालताना कुणी पाहिलं?"

"सगळे म्हणतात."

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही."

मीटरबाई खुरपं घेऊन खाली बसल्या. वीतभर माती उकरली. कसला वास नाही, डाग नाही. पण माती खडखडीत कोरडी! आणि वर बुंध्याला टांगलेली पत्र्याची चकती मात्र निळी.

चकत्यांची पद्धत गल्लीची स्वतःची होती. सकाळी सहा ते आठ ज्याला जमेल त्यानं यायचं, एकेका झाडाला दोन बादल्या घालायच्या आणि चकतीची निळी बाजू पुढे करायची. निळी दिसली की पुढचा माणूस ते झाड सोडून देई. संध्याकाळी मास्तरीणबाई सगळ्या चकत्या पुन्हा पांढऱ्या करत. हे सगळं विश्वासावर चालायचं, आणि त्याचा गल्लीला कोण अभिमान!

मीटरबाईंनी तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. शुक्रवारी सहाला आणि आठला त्यांनी कोपऱ्यावरच्या नळाचा मीटर वाचला. चारशे वीस लिटर. झाडाला तीस लिटर धरले, तर एकवीस झाडांना सहाशे तीस हवेत. पाणी चौदाच झाडांना मिळालं होतं. चकत्या मात्र एकवीसही निळ्या होत्या.

मीटरबाई प्रथम शिंप्याकडे गेल्या. तो मशीन थांबवून नुसता बसला होता. दोन दिवसांत एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

"या आठवड्यात पाणी घातलंस?"

"मंगळवारी गेलो होतो, पण कुठून घालू, बाई? नळ दुपारपर्यंत कोरडा होता. मी, मास्तरीणबाई, आणखी दोघं, रिकाम्या बादल्या हलवत परत आलो. आठ ते चौदाच्या चकत्या तेवढ्या निळ्या होत्या. वाटलं, कुणीतरी घरून आणून घातलं. बरं वाटलं बघा."

मग डॉक्टर. त्यांचा दवाखाना अकरा नंबरच्या झाडामागे होता. गच्चीवर एवढी मोठी टाकी, की नळ गेला-आला तरी तिथं पत्ता लागत नसे. गल्लीच्या वृक्ष समितीचे अध्यक्षही तेच.

"शिंप्याला सांभाळून घ्या, बाई," ते हळहळत म्हणाले. "गरीब माणूस आहे. मी कमी पडलो असेन."

"मंगळवारी त्या सात झाडांना पाणी कुणी घातलं?"

"मीच की. सकाळी फिरून आल्यावर ती सातही झाडं मी एकट्यानं भिजवली हो."

"बादल्या कुठून भरल्या?"

"कुठून म्हणजे? कोपऱ्यावरच्या नळावरून. नेहमीसारख्या."

"धार बरी होती?"

"चांगली होती की."

"बरं," म्हणून मीटरबाई उठल्या.

शनिवारी अधिकारी आला. सगळी गल्ली भोवती जमली. त्यानं सात बोडकी झाडं पाहिली आणि पेन काढलं.

"साहेब, लिहायच्या आधी ऐका," मीटरबाई म्हणाल्या. "यांना कुणी विष घातलं नाही. यांचं पाणी तोडलं. कुणीतरी पहाटेच सात चकत्या निळ्या करून जायचं, आणि आम्ही शहाणी माणसं झाडाकडे न बघता चकतीकडे बघून पुढे जायचो. मंगळवारी नळ कोरडा होता. जो बादली घेऊन आला त्याला ते कळलं. तरी सात चकत्या निळ्या झाल्या. म्हणजे करणारा नळापाशी गेलाच नव्हता. आणि त्याच कोरड्या नळाला चांगली धार होती, असं मला एकाच माणसानं सांगितलं."

त्या डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"रोज साठ माणसं येतात माझ्याकडे!" ते उसळले. "त्यांच्या गाड्या काय डोक्यावर लावू?"

"हे बैठकीत बोलायचं होतंत. तोंडावर भांडलो असतो. मुक्या झाडांना तहानेनं मारलंत, आणि आळ या बिचाऱ्यावर येऊ दिलात!"

मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. शिंप्यानं फक्त डोळे पुसले.

"कारण काही असो," अधिकारी म्हणाला, "मेलेलं झाड मेलेलंच लिहावं लागतं."

"मेलंय की नाही ते तर बघा."

मीटरबाईंनी खुरप्यानं आठ नंबरची साल नखभर खरवडली. आत हिरवं! नऊ, दहा हिरवी. बारा, तेरा, चौदाही हिरवी. अकरा नंबर मात्र आतपर्यंत तपकिरी होतं. हे झाड त्यांनी स्वतः लावलं होतं. त्यांना भडभडून आलं, आणि ते लपवायचं त्यांना काही कारण वाटलं नाही.

"एक मृत," अधिकाऱ्यानं लिहिलं. "संरक्षण कायम."

"म्हणजे माझ्या दारापुढची जागा तरी सुटली," डॉक्टर पुटपुटले.

ते ऐकून मास्तरीणबाई घरात गेल्या आणि बाल्कनीत वाढवलेलं रोप कडेवर घेऊन आल्या. त्यांनी ते शिंप्यापुढे धरलं. "चुकले रे मी. तुझ्या हातानं लागू दे." शिंप्यानं कुदळ उचलली. वाळलेलं खोड निघालं, मातीचा ढीग दवाखान्याच्या फाटकापुढे वाढत गेला.

डॉक्टरांनी फाटकाच्या आत गाडी सुरू केली, हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

"मला घरी जायचंय!"

"चालत जा," मीटरबाई म्हणाल्या. "इथं झाड लागतंय."