मागच्या रांगेतलं हसू

पहिला आठवडाभर आमच्या नाटकाला कुणीही हसलं नाही. देहांगनो या नाटकवाल्यांच्या वस्तीतलं तळघरातलं छोटं नाट्यगृह, उशा टाकलेले बाक, भिंतींना ओलीचा वास, आणि समोर माणसं बसलेली अशी, की जणू खरोखरच सुतकात आली आहेत. नाटक विनोदी होतं, निदान मी तरी ते तसं लिहिलं होतं. आईच्या श्राद्धाचं पान मांडताना तीन भावंडं भांडतात. मासा कुठे ठेवायचा इथपासून सुरू होतं आणि शेवटी विधी अर्धवट टाकून तिघं तीन दिशांना निघून जातात.

थाक नावाच्या समीक्षकाला मी स्वतः बोलावलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्याने लिहिलं, 'या लेखिकेला कधी आई होती असं वाटत नाही.' ते माझ्या दादाने वाचलं आणि फोन केला.

"हेरान, यंदा आईच्या श्राद्धाला घरी येऊ नकोस."

त्या घरी जायला मला तेवढंच निमित्त उरलं होतं. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. नाटक मी आईला हसवायलाच लिहिलं होतं, पण हे त्याला सांगायचं कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं.

यु-जिन, म्हणजे नाटकातली धाकटी, त्या दिवशी खरंच चुकली होती. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने नेमकं उलट ठेवलं. प्रेक्षकांचं लक्षही नव्हतं. मागून मात्र आधी दाबलेला श्वास आला, मग उचकीसारखं हसू, मग तोंडावर हात धरल्यावर निघतो तसा फुसका आवाज. बाबा मासा चुकवायचे तेव्हा आई त्यांच्या पाठीमागे अशीच हसायची.

मी विंगेतून पाहिलं. हसू आलं ती कोपऱ्यातली जागा रिकामी होती.

हसू साथीसारखं पसरतं. एकेक करत सगळं नाट्यगृह हसलं. मग आम्ही ती चूक तशीच ठेवली; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हसू, तिसऱ्या दिवशीही. मी पाण्याचे नळ तपासले, ध्वनियंत्रणा तपासली, शेजारच्या तळघरात जाऊन चौकशी करून आले. मोठ्या भावाचं काम करणारा ब्योंग-चल मला म्हणाला, "ताई, हसायला माणूस पेरायचाच होता, तर आधीच पेरायचा ना. पहिला आठवडा आम्ही नुसते मेलो."

"मी कुणालाही पेरलेलं नाही."

"बरं, नका सांगू."

थाक पुन्हा येऊन गेला. या वेळी त्याने लिहिलं, 'मागे बसवलेली ती अदृश्य म्हातारी ही लेखिकेची खरी करामत आहे.' तिकिटं संपायला लागली. आई रोज माझं नाटक बघत होती, आणखी काय हवं होतं मला?

पण हसू हळूहळू थकत गेलं. नाटक संपल्यावर, झाडलोट चालू असतानाही कोपऱ्यातून बारीक कण्हल्यासारखं ऐकू यायचं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

शनिवारी दुपारच्या खेळाला दादा आला. पहिल्या रांगेत, काळा कोट घालून. मासा चुकला, मागून हसू आलं, आणि त्याची मान ताठ झाली. त्याने वळून पाहिलं नाही. शेवटी तिघं निघून गेली. मंचावर उदबत्तीचा धूर, आणि वाडगाभर भातात उभा खोचलेला चमचा, म्हणजे मेलेल्याचं जेवण अजून चालू. आता अंधार व्हायचा, तर दादा उठून मंचावर आला.

"रोज असंच सोडून जाता?" त्याने विंगेकडे बघून विचारलं.

"नाटकाचा शेवट आहे तो, दादा."

"नाटक तुझं. उदबत्ती खरी, भात खरा, हाक मारता ते नावही आईचंच. रोज बोलावतेस, आणि निरोप कुणी द्यायचा? बिचारी बसून राहिली आहे तिथे." त्याने मागच्या कोपऱ्याकडे हात केला. "तिचे गुडघे दुखतात गं, हेरान."

मला ते माहीत होतं. पहिल्या कण्हण्यापासून माहीत होतं. ती गेली की हसू जाणार, नाटकही जाणार. तिला धरून ठेवायची माझी हौस काही केल्या फिटत नव्हती.

मी मंचावर गेले.

जेवण आटोपलं, म्हणून दादाने भातातून चमचा काढून आडवा ठेवला. मेलेल्यांना घालतात तसे दोन नमस्कार आम्ही शेजारी शेजारी घातले. लोकांना वाटलं, हा नवा शेवट. टाळी कुणीच वाजवली नाही.

मी मान वर केली.

मागच्या रांगेत कोपऱ्याशेजारच्या माणसाने गुडघे आत घेतले. मग त्याच्या शेजारच्याने. मग एका बाईने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. सगळ्यांच्या नजरा आमच्याकडेच होत्या.

दाराशी बसलेल्या मुलीने मात्र हात पुढे केला.

"सावकाश हं, आजी," ती म्हणाली. "इथे पायरी आहे."