काय-अंक

मिरजेच्या श्रवण प्रयोगशाळेतल्या ध्वनिबंद खोलीत बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. स्वतःच्या पोटातली गुरगुर तेवढी ऐकू येते, म्हणून नवे विद्यार्थी उपाशीपोटी आत जायला लाजतात. त्या सकाळी मात्र तिथे थट्टा करायची कुणाची प्राज्ञा नव्हती. डॉ. वासंती शेडबाळे हेडफोन लावून दोन वाक्यं आलटून पालटून ऐकत होत्या. दोन्हींत आवाज एकाच तरुण बाईचा होता.

"तात्या, मला परत पाठवू नका."

"तात्या, मला परत पाठवून द्या."

पहिलं वाक्य इचलकरंजीच्या तात्या दिवट्यांची धाकटी मुलगी तेजल खरोखर बोलली होती. दुसरं तात्यांच्या कानातल्या यंत्राने त्यांना ऐकवलं होतं. त्याच दुपारी तात्यांनी तिला सासरी नेऊन सोडलं. नवव्या दिवशी ती तिथल्या विहिरीत सापडली. पडली, उडी मारली की ढकलली, हे पोलीस अजून ठरवत होते.

त्या दिवशी ती खरं काय बोलली, हे तात्यांना कळलं ते तेराव्यानंतर, थोरल्या मुलीकडून. तेजल बोलली तेव्हा ती शेजारच्या खोलीतच होती. तेव्हापासून तात्यांनी एकच धोशा लावला होता: डॉक्टरांनी यंत्रात साठलेली नोंद काढावी आणि सांगावं, माझ्या पोरीला विहिरीवर कुणी धाडलं, मी की मशीननं?

तात्यांचे कान चाळीस वर्षांच्या यंत्रमागांनी खाल्ले होते. जुनी श्रवणयंत्रं त्यांच्या काही कामाची नव्हती. ती आवाज मोठा करत आणि तात्यांना खडखडाट तेवढा मोठा ऐकू येई. म्हणून वासंतीबाईंनी त्यांना वाक्यसांधक बसवला होता. हे यंत्र आवाज वाढवत नाही. समोरच्याचं बोलणं समजून घेतं आणि त्याच माणसाच्या आवाजात, कानाचा जो थोडा भाग जिवंत आहे त्याला पेलेल असं, पुन्हा बोलतं. मधला शब्द विरला असेल तर अंदाजाने जोडून देतं. मागावरचा कामगार तुटलेला धागा जोडतो, तसं.

"माग चालू असणार," वासंतीबाई हेडफोन काढत म्हणाल्या. "त्या आवाजात 'नका' हरवलं. मराठीत नकार बसतो शेवटी, आणि रडवेल्या माणसाचा आवाज शेवटालाच पडतो. यंत्राचा अंदाज चुकला."

इम्तियाज बागवान पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "नाही मॅडम. रविवार सकाळ होती. माग बंद. मूळ ध्वनी स्वच्छ आहे."

इम्तियाज त्यांचा जुना विद्यार्थी. वाक्यसांधकाचं गणित त्याचं होतं.

"मग धागा तुटला नसताना जोडला कशाला?"

"तुटलाय, असं यंत्राला सांगण्यात आलं. तीनदा."

"कुणी सांगितलं?"

इम्तियाज जरा घुटमळला. "मॅडम, यंत्र शिकतं कशावरून, ते आठवा."

आठवायला कशाला हवं होतं? ती कल्पना वासंतीबाईंचीच होती, आणि तिच्यावर त्यांनी देशभर भाषणं ठोकली होती. बहिरेपणाचं खरं माप डेसिबल नव्हे, 'काय?' आहे, असं त्या सांगत. माणूस दिवसातून किती वेळा 'काय?' विचारतो ते मोजा. त्या आकड्याला त्यांनी नाव दिलं होतं काय-अंक. वाक्यसांधकाला आज्ञा एकच होती: हा अंक शून्याकडे ने. तात्यांचा काय-अंक पहिल्या दिवशी एकशे चाळीस होता, सहा महिन्यांनी तीन. त्यांचा हसरा फोटो बाहेरच्या भिंतीवर लावलेला होता.

"पहिल्यांदा यंत्र वाक्य जसंच्या तसं पोचवतं," इम्तियाज म्हणाला. "'काय?' आलं, तर पुढच्या वेळी ते जास्त ठळक करतं. पुन्हा 'काय?' आलं, तर सावकाश, शब्द सुटे करून. तिसऱ्यांदाही आलं, तर हे वाक्य या माणसाच्या कानात शिरत नाही, असं धरतं. मग त्याच्या जवळच्या उच्चाराचं, पण याला चालेल असं वाक्य शोधतं. तात्यांना काय चालतं, याचा सहा महिन्यांत त्याचा पक्का अभ्यास झालाय."

"तीन वेळा हा नियम माझाच," वासंतीबाई हळूच म्हणाल्या. "चौथ्यांदा 'काय' विचारायची बहिऱ्या माणसाला लाज वाटते. तो नुसती मान हलवतो."

"ते तीन 'काय' ऐका." इम्तियाजने कळ दाबली.

गुरुवार. तेजल म्हणाली, मला परत पाठवू नका. तात्यांचा आवाज आला: "काय?"

शुक्रवारी तेच. शनिवारीही तेच, आणि त्यानंतर बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज.

वासंतीबाईंनी ते तिन्ही 'काय' पुन्हा लावून ऐकले. ऐकू न आलेल्या माणसाचं 'काय' वर चढतं, त्यात अजिजी असते. हे 'काय' खाली उतरलेलं होतं, दातांखालचं. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला ते ओळखता येतं. बापाने ते उच्चारलं की पोरं गप्प बसतात. त्याचा अर्थ 'ऐकू आलं नाही' असा नसतो. 'ऐकलंय, आता पुन्हा बोलून बघ' असा असतो.

"यंत्राला दोन्ही सारखेच," इम्तियाज म्हणाला. "आपण त्याला फरक शिकवलाच नाही."

"म्हणजे तीन दिवस तात्यांना ऐकू येत होतं."

"अगदी शब्दन्‌शब्द. चौथ्या दिवशी यंत्राने त्यांना हवं ते दिलं." तो खुर्ची वळवून म्हणाला, "मॅडम, म्हातारा बाहेर बसलाय. यंत्र चुकलं म्हणा आणि मोकळं करा त्याला. ते काही खोटं नाही."

"आणि तेजल? ती जाताना काय समजून गेली असेल?"

इम्तियाज पुन्हा पडद्याकडे वळला. वासंतीबाईंना स्वतःचा आणि त्या बाहेरच्या फोटोचा संताप आला होता, आणि म्हाताऱ्याची कीवही येत होती. पण त्या पोरीने चार वेळा सांगितलं होतं. एकदा तरी कुणीतरी ते ऐकलं होतं, असं मोठ्याने म्हटलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं.

इम्तियाज काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसला, आणि तात्या आत आले. धोतर स्वच्छ, दाढी मात्र वाढलेली. खुर्चीच्या कडेवर बसले.

"काय निघालं ओ, डॉक्टर? मशीनचीच चूक हाय न्हवं? म्या पोरीचं वाईट कशाला चिंतीन? लोकं नावं ठेवत व्हती, लेक म्हैनाभर म्हायेरात बसलीया म्हनून. तरी बी ती न्हाई म्हनली असती, तर म्या धाडलीच नसती. आईशप्पत."

यंत्राची सांधणी बंद करून बोलावं, असं वासंतीबाईंच्या मनात येऊन गेलं. पण सांधणी बंद म्हणजे तात्यांना जग बंद. शिवाय पहिल्यांदा यंत्र जसंच्या तसं पोचवतं. एकदाच, स्पष्ट सांगायचं.

त्या पुढे झुकल्या. "तात्या, तुम्हाला ऐकू आलं होतं."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय?"

खाली उतरलेलं, दातांखालचं. वासंतीबाई पुन्हा म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू आलं होतं."

"काय?"

काचेपलीकडे इम्तियाज ताडकन उठून उभा राहिला. तो हात हलवत होता. वासंतीबाईंची त्याच्याकडे पाठ होती.

"तात्या, तुम्हाला, ऐकू, आलं होतं."

"काय?" तात्यांचा आवाज आता थरथरत होता. डोळे भरून आले होते.

पेशंट 'काय' म्हणाला की पुन्हा सांगायचं, ही तीस वर्षांची सवय. आपण कितव्यांदा बोलतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

"तुम्हाला ऐकू आलं होतं."

तात्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ते मोकळेपणी रडले.

"तेच सांगतुया मी समद्यास्नी," ते म्हणाले. "मला ऐकू आलं न्हवतं. आता तुमीच म्हनलासा, बरं झालं बगा."