सतरा सेकंद

चहा ओता आणि दार लावून घ्या. तुम्ही पोरं आता खांबावर चढायला लागलात, म्हणून सांगतो. माझा साडू शाबदान इन्व्हर्टर बसवतो, त्याच्याबाबतीत घडलेलं आहे हे. खोटं वाटलं तर नारीनला जाऊन त्यालाच विचारा.

गेल्या जानेवारीची सोळा तारीख, शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासात. बर्फाने तार तुटून गावची वीज दोन दिवस बंद. शाबदान पाव भाजणाऱ्या झुराकानबाईंकडे इन्व्हर्टर जोडत होता. त्याचा भाचा एलामान, वायरमन, गल्लीच्या टोकाला खांबावर चढला होता. ट्रान्सफॉर्मरचा खटका त्याने स्वतः पाडलेला.

इन्व्हर्टर लाइनशी एकदम गाठ मारत नाही. सोयरीक बघायला आलेल्या आत्यासारखा आधी पारखतो. साठ सेकंद ताल जुळला, तरच जोडतो. आणि इथे लाइन मेलेली असताना त्याच्या पडद्यावर आकडे उमटले. साठ. एकोणसाठ...

"अगं बाई, आली वाटतं!" झुराकानबाईंनी टाळी वाजवली.

"गप्प बसा हो!"

आकडे नाचत होते. अठ्ठेचाळीस हर्ट्झ, एकावन्न, परत एकोणपन्नास. मोजणी मोडायची, पुन्हा साठपासून. सरकारी वीज अशी नाचत नाही. शाबदानचा संशय सरळ शेजारच्या तुरगुनबायवर गेला. दोन्हीकडे पिना असलेली वायर सॉकेटात खुपसून हा जनरेटर चालवणार. आपल्यात कोण नाही करत? घरात दिवे लागतात, आणि तीच वीज उलटी लाइनवर चढते.

लाइनवर एलामान होता.

शाबदानचा एक हात इन्व्हर्टरच्या खटक्याकडे, दुसऱ्यात एलामानला लावलेला फोन. घंटा वाजतेय. तीस... पंचवीस... उचलत नाही... सतरा.

पडदा कोरा. लाइन नाही.

शाबदानचं काळीज फाटलं. चालता जनरेटर असा झटक्यात कधी बसतो? वीज जमिनीत उतरली की. आणि ती उतरली कशातून...

तो धावला. फाटकात तुरगुनबाय.

"उलटी वायर लावलीस ना?"

"मी? छे, शाबदानभाऊ! डिझेल तरी आहे का घरात?"

घोंगडीखालच्या जनरेटरला शाबदानने हात लावला. चटका बसला. थोबाडीत द्यायलासुद्धा थांबला नाही तो.

खांबाखाली काळोख.

"एलामान...?"

काही नाही.

"एलामान!"

"काय मामा, केवढ्याने ओरडता!"

शाबदान बर्फात मटकन बसला आणि रडला. एलामान उतरला तो चिडूनच. "मदतीला माणूस पाठवलात, तो मुका आहे का हो? तारेला हात घालणार तोच मनगट धरलं माझं. त्यानेच तारेला अर्थिंगची पकड लावली, मग सोडलं. शब्द नाही."

"अर्थिंग तू नव्हती लावलीस?"

"बोटं थिजली होती. म्हटलं, पाच मिनिटांचं काम..."

"मी कुणाला पाठवलं नाही, बाळा."

शाबदानने बॅटरीचा झोत वर मारला. अर्थिंगची तार लाइनवरून जमिनीपर्यंत उतरलेली होती, वीज तिच्यातूनच गेल्याने पकड जळून काळी पडलेली. खांबाच्या पलीकडच्या अंगाला चढताना बुटांना बांधतात त्या लोखंडी नख्यांचे ओरखडे होते, ताजे, बुडापासून टोकापर्यंत.

त्या अंगाला बर्फ गुडघाभर. कोरा. एक पाऊल उमटलेलं नव्हतं.