पिठावरचा कॅमेरा

पेठ वडगावच्या राजवीरचा फोन आला, तेव्हा प्रसेनजीत शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात वायरी गुंडाळत बसला होता. घरात एक कॅमेरा वाढवायचाय, आजच, दिवेलागणीच्या आत, एवढंच राजवीर बोलला. त्याच्या दाराला आणि गोठ्याला गेल्या वर्षी प्रसेनजीतनंच कॅमेरे बसवले होते. म्हशीपुढं वैरण कमी दिसली की मोबाइलवरनं गड्याला शिव्या घालणारा माणूस हा. आता आणखी कुणावर नजर ठेवायची असेल, असं म्हणत प्रसेनजीतनं पिशवी उचलली.

पोचल्यावर कळलं, की राजवीरची आई चिमणाबाई पहाटे गेली होती आणि दुपारीच माती उरकली होती.

"मयताच्या घरात आज कॅमेरा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"भावा, बहीण हाय माझी दुबईत, अनुजा. तिला विमान गावलं न्हाय," राजवीर म्हणाला. "अन् कुणीतरी तिचं कान भरल्यात, आईला आम्ही उपाशी मारलं म्हणून. तिला बघू दे की डोळ्यांनी, आई कशी तृप्त होऊन गेली ती."

माणूस गेलं त्या जागी दिवा लावायचा, शेजारी पीठ पसरायचं, त्यावर वेताची बुट्टी पालथी घालायची आणि सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं, ही त्या घरची रीत. पाखराचं पाऊल दिसलं की जीव सुटला म्हणायचा. प्रसेनजीतच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच असलं सगळं मागं टाकलं होतं, पण दुसऱ्याच्या दुःखात आपण कशाला बोला? त्यानं बूट-मोजे काढले आणि आत गेला.

चिमणाबाईची खोली मागच्या अंगाला, गोठ्याला लागून होती. आत पाऊल टाकताच फिनेलचा भपकारा नाकात शिरला, आणि त्याच्याखालून दुसरा एक वास आला, आंबट, जुना, घशाला चिकटणारा. दाराला कडी फक्त बाहेरून होती. खालून वायर ठोकत नेताना त्याला दिसलं, की भिंतीचा चुना जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत निघून गेलाय. ओल असेल, असं त्याला वाटलं.

कॅमेरा बसला, राउटरला जोडला, पुढच्या सोप्यातल्या टीव्हीवर चित्र आलं. आवाजही येत होता. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची सोय होती. प्रसेनजीतनं स्वतः उभं राहून ती तपासली. तेवढ्यात राजवीरची बायको क्रांती पीठ पसरायला लागली. थोडं त्याच्या उजव्या पायाच्या बोटांवर सांडलं.

"बुट्टी घालत न्हाई?" त्यानं विचारलं.

"बुट्टी घातल्यावर अनुजाला काय दिसणार, पावणं? कप्पाळ?" क्रांती म्हणाली.

पीठ उघडंच राहिलं. पाय धुवायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून त्यानं तसाच मोजा चढवला, बूट घातले आणि सोप्याच्या पायरीशी उभा राहिला. राजवीरनं खोलीला कडी घातली. अनुजाच्या मोबाइलवर चित्र पोचलं होतं आणि ती फोनवरही होती. टीव्हीवर दिवा, पीठ, रिकामी जमीन.

मग भिंतीच्या बुडाशी हिरवी चौकट उमटली.

आत कुणी नव्हतं. माणूस उभा असला की चौकट उभी पडते. ही आडवी होती, जमिनीला चिकटलेली, आणि पिठाकडं सरकत होती…

"मांजर असंल," राजवीर पुटपुटला.

"मांजराला चौकट पडत न्हाई," प्रसेनजीत हळूच म्हणाला.

टीव्हीतनं आवाज यायला लागला. लप… लप… ओला, घाईघाईचा. पिठात पाऊल नाही उमटलं. पट्टा उमटला, जिभेएवढा रुंद. मग त्याच्या शेजारी दुसरा. खालची फरशी लाळेनं चमकत होती. मधूनच ठसका लागल्यासारखा घोगरा आवाज यायचा आणि पुन्हा लप… लप…

"दादा…" फोनवर अनुजाचा आवाज फाटला होता. "भुकेली हाय रं ती. ताट वाढ तिला… वाढ की!"

शेजारच्या अंबूबाईनं पाठवलेली पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. राजवीरनं ताट केलं, दार ताटापुरतं उघडलं, ताट आत सारलं आणि कडी घातली. चौकट ताटाजवळ गेली. क्षणभर थांबली. मग वळली, भिंतीला लागली, आणि चुना खरवडल्याचा आवाज सुरू झाला.

क्रांती टीव्हीकडं बघत होती. दावणीच्या म्हशीबद्दल बोलावं तसं ती सासूबद्दल सहज बोलून गेली, "ताटातलं न्हाई घ्यायच्या त्या. सवय मोडलीया. खाल्लं की घाण करायच्या, मग ताट द्यायचंच बंद केलं की आम्ही. कोण काढणार?"

बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. राजवीर फोनवर झेपावला, पण उशीर झाला होता.

"ऐकलं मी, दादा," अनुजा म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. तिच्या रडण्याचा आणि आतल्या खरवडण्याचा आवाज एकत्र येत राहिला.

"काढ त्यो कॅमेरा!" राजवीर प्रसेनजीतवर ओरडला.

"कडी काढा अन् तुम्हीच काढा," प्रसेनजीत म्हणाला. कडीला कुणी हात लावला नाही.

फाटकाशी जाऊन तो भडाभडा ओकला. त्या चौकटीची त्याला किळस आली नव्हती. किळस आली ती त्या चकचकीत सोप्याची, भिंतीएवढ्या टीव्हीची, म्हशींच्या तुडुंब भरलेल्या गव्हाणीची. असल्या माणसांच्या घरचा चहा आपण गेल्या वर्षी गोड मानून प्यालो, याचीसुद्धा.

कुठंही न थांबता गाडी दामटत तो घरी आला. त्याची बायको प्रीती भाकरीचं पीठ मळत होती. "पाय धुऊन या आधी," ती म्हणाली.

मोरीवर बसून त्यानं बूट काढले, मोजे काढले. डावा पाय कोरडा होता. उजव्या पायाच्या बोटांवर पिठाचा कण उरला नव्हता. बोटांच्या बेचक्यांतनंसुद्धा कुणीतरी टिपून काढलं होतं, आणि सगळी बोटं ओली, चिकट होती.

त्यानं मोजा उलटा करून पाहिला. मोजा कोरडा होता.