दुसरी सही

ही माझ्यासोबत घडलेली गोष्ट आहे. पटली तर वाचा, नाहीतर सोडा. मला कोणाची खात्री पटवायची नाहीये.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. भर दुपार. उल्हासनगरमधल्या आमच्या कॉलेजची लायब्ररी.

मी तेजस्वी, राहायला चिखलोलीला. कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मी लायब्ररीत काम करते. माझी फी त्यातूनच जाते. त्या दिवशी पुस्तकांची तपासणी संपली नसती, तर महिनाभराच्या कामाचे तास बाद झाले असते, पैसे मिळाले नसते आणि परीक्षेचा फॉर्मही हातचा गेला असता.

हे काम दोघींचं. एकीने कपाटापाशी उभं राहून पुस्तकाचा नंबर वाचायचा. दुसरीने टेबलावरच्या रजिस्टरमध्ये टिक करून "हो" म्हणायचं. शेवटी दोघींच्या सह्या. एकीच्या सहीवर तास मिळत नाहीत.

माझी जोडीदार प्रीती आलीच नाही. लायब्रेरियन शालन मॅडम मीटिंगला गेल्या होत्या.

मी चिडून एकटीच सुरू केलं. सवयीने मोठ्याने वाचलं, "चार हजार बारा."

टेबलाकडून आवाज आला... "हो."

वाटलं, आली एकदाची प्रीती. वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर टिक होती... शाई अजून ओली.

पळाले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण मला भीतीपेक्षा राग जास्त आला. वर्षभर या कपाटांची धूळ खाल्ली, ती काय पळून जायला?

खुर्चीकडे बघून मी सांगितलं, "तू कोण असशील ती अस. मी फॉर्म भरणार म्हणजे भरणार. बसायचं असेल तर काम कर."

आणि वाचत सुटले. तेरा... "हो." चौदा... "हो."

एकदा "हो" आलंच नाही. पाहिलं तर मीच नंबर चुकीचा वाचला होता.

पाच वाजता मॅडम आल्या. रजिस्टर बघून मटकन खाली बसल्या. माझ्या सहीखाली दुसरी सही होती... कीर्ती.

कीर्ती त्याच्या आदल्या वर्षी हेच काम करायची. तपासणी अर्ध्यावर असताना तापाने गेली. काम अपुरं म्हणून तिचे तास मॅडमनीच खोडले होते.

"ती सही खोड. तुझे तास मी लिहिते," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. दोघींचे लिहा."

"अगं, ती गेलीय."

"गेली असेल. काम केलंय तिने."

मॅडमनी दोघींचे तास लिहिले.

मी फॉर्म भरला, पासही झाले. प्रीती आता एकही दिवस चुकवत नाही. मी नंबर वाचते, ती "हो" म्हणते...

मग तिच्या मागून अजून एकदा ऐकू येतं. प्रीतीला नाही, फक्त मला. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू?

पण ते दुसरं "हो" आल्याशिवाय मी पुढचा नंबर वाचत नाही.